सगळ्यात मोठा पूर

जुनी वादळं, जुने पूर कुणी आठवून सांगू लागलं, की हौशीराम तहानभूक विसरायचा. लोणावळ्याच्या बाजारात त्याला 'वादळवेडा' म्हणत.

सन अडतीसच्या पावसाळ्यात तो धरणाकाठच्या टेकाडावर कस्तुरामावशीकडे गेला. तिच्या लेकानं, कोंडाजीनं, मळवलीला पक्कं घर बांधलं होतं, पण म्हातारी टेकाड सोडायला तयार नव्हती. तिचं मन वळवायचं काम हौशीरामवर आलं होतं.

तो गेला आणि आपल्याच नादात पुरांचं विचारत बसला. मावशीही खुलली.

"लय पूर बगितलं, बाबा. पाणी दारात आलं की पोरं, कोंबड्या, पीठमीठ घिऊन ह्याच टेकाडावं चढायचो. एका वादळात तर देवळाचा कळस उडाला. पर दोन दिसांत पाणी वसरायचं. मग खाली जायाचं, चिखल काढायचा नि चूल पेटवायची."

"आन् समद्यात मोठा पूर कंचा, मावशी?"

मावशीनं खाली पाण्याकडं पाहिलं. समोर धरण काठोकाठ भरलं होतं. तिचं गाव त्याच्या तळाशी जाऊन वीस वर्षं उलटली होती. हौशीरामला आपलीच जीभ चावावीशी वाटली. घाईघाईनं त्यानं मळवलीचा विषय काढला, तसा तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"कोंडाजीला म्हनावं, जरा दम धर.


ह्यो तेवढा वसरला, की आपल्या घरला जाऊ."