पाटीवरचं नाव

जावई निशांत पिपरी मेघेला सासऱ्याच्याच घरी राहायला आला, तेव्हापासून बंडोपंत केळझरकरांचं डोकं तापलेलंच होतं. त्यात लेकीनं, वेदश्रीनं, फाटकावरच्या पाटीवर नवऱ्याचंही नाव लावा म्हटलं आणि ते उसळलेच.

"घरजावयाचं नाव पाटीवर? सात पिढ्यांचे केळझरकर आहो आम्ही! आमच्या खानदानात कोणी सासऱ्याच्या दारी राह्यलं नाई!"

एवढ्यावर थांबतील तर ते बंडोपंत कसले! लेखी पुरावाच आणतो म्हणून ते नाशिकला कुळाच्या उपाध्यायांकडे गेले. गाडी अर्थात जावयानंच चालवली. उपाध्यायांनी वंशावळीची जुनी वही काढली, खापरपणजोबांच्या लग्नाची मोडीतली नोंद शोधली आणि खणखणीत आवाजात वाचली. बंडोपंतांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग परतताना वर्धा येईपर्यंत ते गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसले. जावई मात्र मजेत शीळ घालत होता.

"सापडले का मूळपुरुष?" बायकोनं, सुमतीबाईंनी, दारातच विचारलं.

"त्या पानाले वाळवी लागली," चपला काढता काढता बंडोपंत पुटपुटले.

"अस्सं? पण जावईबापूनं तं कालच फोटो धाडला, अन् काय लिहिलं हाये तेही खाली टाकलं." सुमतीबाईंनी चष्मा चढवला आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात मोबाईलवरून वाचलं,



"गोविंद, मूळ राहणार आष्टी. लग्न होऊन सासऱ्याचे घरी केळझरास राहिले, सबब आडनाव केळझरकर."