माणशी वीस लिटर

टँकरच्या त्या वर्षी पुंडलिकनगरात माणशी वीस लिटर पाणी मिळायचं, आणि गल्लीच्या वाटपाचं गणित निवृत्त कारकून दत्तोपंतांकडं होतं. जुना कॅल्क्युलेटर बिघडला म्हणून ते दुकानात गेले. एकेकावर त्यांनी आपल्याच घराचं गणित करून पाहिलं, चार गुणिले वीस. सगळ्यांनी ऐंशी दाखवलं. शेवटच्याची बटणं मात्र बोटांना इतकी मऊ लागली, की त्यांनी न तपासताच तो घेतला.

घरी येऊन त्यांनी त्यावर चार गुणिले वीस केलं. उत्तर आलं साठ.

"उमा, घरात आपण किती जण?"

"तिघंच की. तुम्ही, मी अन् आपला चिन्मय," बायको म्हणाली. "असं काय विचारता?"

बरोबर होतं. चौथं नाव त्यांना काही केल्या आठवेना. मोरीत मात्र चार बादल्या होत्या. चौथी, छोटी गुलाबी, अजून ओली होती.

त्यांनी कॅल्क्युलेटर उमाच्या हातात दिला. "तू कर बरं. तीन गुणिले वीस."

तिनं बटणं दाबली. "चाळीस," ती म्हणाली.

मग तिनं मान वर केली, पदर सावरला आणि अदबीनं विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"