गाळलेल्या शिव्या

मिसिगालोचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून आला आणि बी म्वाम्वुआ खुर्चीत सावरून बसली. म्हातारा जाऊन महिना झाला होता. त्याच्या आठवणीसाठी बुगुरुनी वस्तीतली अख्खी गल्ली हॉलमध्ये समोसे चावत बसली होती.

"आमच्या गल्लीत सगळ्या जमाती गुण्यागोविंदानं राहायच्या," मिसिगालो म्हणाला. मागून रेकॉर्डिंगमधलाच म्वाम्वुआचा आवाज: "हो, राहायच्या." टाळ्या पडल्या.

"एवढंच? बाकीचं कुठं गेलं गं?" तिनं नातीला, झुहुराला, विचारलं.

दोघांना ओट्यावर बसवून झुहुरानंच बोलतं केलं होतं, रेकॉर्डही तिनंच केलं होतं. "आजी, तुम्ही दोघं नुसत्या शिव्या देत होतात. तो म्हणे, तुम्ही झरामो आळशी, नारळ तोंडात पडायची वाट बघणारे. तू म्हणे, तुम्ही न्याम्वेझी ओझ्याची गाढवं. ऐकणाऱ्यांना वाटलं असतं, जमातीजमातीत वैर आहे. मी गाळलं."

"गाळलंस! शहाणी! अगं, झरामो आणि न्याम्वेझींत उतानी असते, थट्टेचं नातं. तोंडाला येईल ते बोलायचं, रागवायचं नाही. पणज्यांपासूनचा हक्क तो. तुझा आजा गेला तेव्हा सगळे मुळुमुळु रडत बसले होते. मिसिगालो मयताच्या खाटेवर आडवा झाला. 'आधी मला फिरवून आणा, हा आळशी कुठं पळत नाही.' मी हसले, म्हणून जगले. आणि त्याच्या तोंडी तू हे गुळमट पाणी घातलंस!"

पुढच्या रांगेत मिसिगालोचा नातू बसला होता, टाय लावून. म्वाम्वुआ उठली. उलटून बोलणारं कुणी उरलंय की नाही, एवढंच तिला बघायचं होतं.

"काय रे हमालाच्या अवलादी!" तिनं पायातली चप्पल त्याच्यापुढे भिरकावली. "आजा मेला, आता माझं ओझं कोण वाहणार, तुझा टाय? उचल ती!"

म्वाम्वुआ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मेल्यानं एक तरी शब्द परत मारावा. नारळावरून, आळसावरून, तिच्या पडलेल्या दातांवरून, कशावरूनही.

तो लगबगीनं उठला. "आजी, आमचं काही चुकलं असेल तर माफ करा." त्यानं चप्पल उचलली, रुमालानं पुसली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

म्वाम्वुआनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आयुष्यात कुठल्याही न्याम्वेझीला तिनं अहोजाहो केलं नव्हतं.

"ठेवा खाली, साहेब," ती म्हणाली.