म्यूट

विराट बोलायला लागला तसा रंजिताने आपला माइक बंद केला. एरवीही मीटिंगमध्ये तो बंदच असायचा; आज तिने मुद्दाम केला.

परवा कंपनीचं ॲप अर्धा दिवस बंद पडलं होतं. चूक निहारची, त्याने टेस्टिंग न करताच काम ॲपवर चढवलं, असं मॅनेजर विराट थंडपणे सगळ्यांना सांगत होता. निहार टीममधला सगळ्यात नवा, नागपूरचा पोरगा. "सर, पण..." एवढं म्हणून तो गप्प झाला. टेस्टिंग राहू दे, आजच्या आज द्या, असं आदल्या कॉलवर खुद्द विराटच म्हणाला होता. रंजिताने ते ऐकलं होतं. बाकीच्यांनीही.

"यू आर ऑन म्यूट, असं मघाशी कोण म्हणालं गं?" सोफ्यावरून सूर्यकांतांनी विचारलं. तिचे वडील निपाणीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून आता जयनगरला लेकीकडे राहायला आले होते. शब्द कानावर पडला की त्याचं मूळ खणल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "लॅटिनमधला शब्द. ओठ मिटून बोलून बघ, नुसतं 'म्म्' निघतं ना? त्यावरनंच आला म्हणतात."

"बाबा, स्वल्प, जरा थांबा. मीटिंग चालू आहे."

"माइक बंद आहे की तुझा." ते रंगात आले होते. "अगं, विलायतेत म्यूट नावाची नोकरीच होती. श्रीमंताघरी कुणी मेलं की ही माणसं आणून दाराशी उभी करायची. काळे कपडे, पडलेला चेहरा. बोलायचं काही नाही. पगार त्याचाच."

रंजिता पडद्याकडे बघत राहिली. प्रत्येक चौकटीत एक गंभीर चेहरा होता. एका चौकटीत तिचाही.

तिने माइक चालू केला.

"विराट, टेस्टिंग राहू दे असं तुम्ही सांगितलं होतं. मी त्या कॉलवर होते."

आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. विराटने घसा खाकरला, यावर आपण दोघं वेगळं बोलू म्हणाला आणि मीटिंग संपवली. रंजिताची बढती त्याच्याच हातात होती.

पाठोपाठ तिचा फोन वाजला. निहार होता. तिने फोन कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, अडखळत. तीही काही बोलली नाही. पण बराच वेळ दोघांपैकी कुणी फोन ठेवला नाही.