भागाबाईंच्या चुलीचा धूर

"अक्का, यंत्र काढून ठेवलं होतं का?" प्रमिलाबाईंनी दारातूनच विचारलं.

भागाबाई उठून उभ्या राहिल्या. "बठ्ठा दिन मना गयामाच व्हतं," त्या म्हणाल्या. दिवसभरात गळ्यातून एकदाही काढलं नव्हतं म्हणे.

शहाऐंशीचा उन्हाळा. धरणगावजवळच्या त्या गावात चुलीचा किती धूर बायकांच्या छातीत जातो, ते मोजायचं काम चाललं होतं. प्रमिलाबाई त्यासाठी जळगावहून एसटीने यायच्या. सकाळी बाईच्या गळ्यात हवा ओढणारं लहानसं यंत्र अडकवायचं, संध्याकाळी आतली पांढरी चकती काढून न्यायची. सगळ्यांची चकती काळी यायची. भागाबाईंची पांढरीच निघाली. घरात कापसाच्या पऱ्हाट्या जळत होत्या, भिंती काजळल्या होत्या, तरी पांढरी.

बाई खोटं बोलते, असं मोजणीच्या कामावरच्या साहेबांनी ठरवून टाकलं. मारुतीच्या पारावर सगळ्यांचे आकडे वाचताना तिचं हे खोटंही ते सांगणार होते. ज्याचा आकडा त्यालाच कळेल, असा शब्द प्रमिलाबाईंनी घरोघर दिला होता. आता तो मोडणार, आणि या भल्या बाईची गावात नाचक्की होणार. त्यांनी साहेबांना विनवून एक दिवस मागून घेतला होता.

भागाबाईंची बोटं आखडलेली होती; पाण्याचा तांब्या त्यांनी दोन्ही तळहातांत धरून पुढे केला. त्यांचे मालक पुनाआबा कोपऱ्यात खोकत होते. बिडी सोडा म्हटलं तर ऐकत नाहीत, असं भागाबाई कुरकुरल्या. तुझ्या बोलण्यापेक्षा बिडी बरी, असं आबांनी सुनावलं. दोघंही हसली.

प्रमिलाबाईंना दोघांचा लळा लागला होता. मागच्या खेपेला इथेच त्या ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी जेवल्या होत्या. इतकी पातळ भाकरी माझ्या आईलाही जमली नाही, असं त्या म्हणाल्या, तेव्हा बायकोच्या कौतुकाने आबाच लाजले होते.

"आज माझ्यासमोर स्वयंपाक करा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पुन्हा मोजू. जे दिसेल ते माझ्यापाशीच राहील. साहेबांनासुद्धा सांगणार नाही."

भागाबाईंनी यंत्र गळ्यात घालून घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. आबांनी मान हलवून नको म्हटलं. पुन्हा खोकल्याची उबळ आली, तसे ते भिंतीला धरून वाकले.

भागाबाई उठल्या. त्यांनी दाराला कडी घातली, खिडकी लोटली आणि गळ्यातलं यंत्र काढून प्रमिलाबाईंच्या हातात दिलं. मग चुलीपुढचा पाट आबांकडे सरकवला.

"ताई, नाव मनंच राहू द्या. पन हे यासना गयामा घाला."