मोरचुदाचं माप

अकरा टाक्यांतले मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत होते आणि बाबा एकच पालुपद लावून बसले होते, की माप चुकलं.

माप चुकलं नव्हतं. धाकटीला ते पक्कं माहीत होतं. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले की टाकीत मोरचूद घालायचं काम या घरात फक्त बाबा करत. वर्षभर मागे लागून लागून तिने ते आज पहिल्यांदाच मिळवलं होतं. निळे खडे तिने काट्यावर तोलले होते, तेही तीनदा. मगात विरघळवून प्रत्येक टाकीच्या चारी कोपऱ्यांत बारीक धार धरली होती, अगदी बाबांसारखी. आणि तासाभरात मासे तिरके व्हायला लागले होते.

मोठ्या भावाने शेडच्या दारातून डोकावून, आपल्या घरात मासेमार आहे हे आपल्याला आजच कळलं, असं म्हणून घेतलं. आईने त्याच्या हातात बादली दिली आणि तोंड बंद करायला सांगितलं.

धाकटीचा पाय एका जागी ठरेना. टाक्यांच्या रांगेतून ती नुसत्या येरझारा घालत होती. लाल शेपटीची ही जात बाबांनी पंधरा वर्षं खपून तयार केली होती. तशी शेपटी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. आज ती गेली की गेलीच. वर ती धाकटीच्या हाताने गेली, हे जन्मभर ऐकावं लागणार. बाबांचा हिशेब सरळ होता. पाणी चुकत नाही, औषध चुकत नाही, चुकतो तो माणूस. आणि एकदा चुकलेल्या माणसाला ते पुन्हा टाकीला बोट लावू देत नसत.

चौथ्या फेरीला ती अगदी कोपऱ्यातल्या बाराव्या टाकीपाशी थबकली. इथले मासे मजेत होते. काही खायला आणलंय का बघायला सगळे काचेशी गोळा झाले. औषध तर यांनाही तेवढंच पडलं होतं. तिने काचेवर बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

बाकीच्या अकरा काचा लखलखीत होत्या. बोअरच्या जड पाण्याने काचा पांढऱ्या पडतात, गिऱ्हाइकाला मासा धड दिसत नाही, म्हणून बाबांनी गेल्याच आठवड्यात पाण्यातले क्षार काढणारं यंत्र बसवलं होतं. त्याचा पाइप अकराव्या टाकीपर्यंतच पोचत होता. बाराव्या टाकीत अजून बोअरचंच पाणी होतं.

ती पळत बाबांकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. मोरचूद म्हणजे तांबं. ते माशाच्या कल्ल्यांवर जाऊन बसतं तेव्हा मासा गुदमरतो. पण पाण्यात क्षार असले की ते आधी जाऊन जागा अडवतात आणि तांब्याला बसायलाच मिळत नाही. आपण क्षार काढून टाकले, बाबा, सगळ्या जागा रिकाम्या करून दिल्या.

बाबा यंत्राचा नळ सोडायला निघाले होते. ताज्या, स्वच्छ पाण्याने औषध धुऊन काढायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"तो नळ नको, बाबा. बोअरचं पाणी घाला."

"जड पाणी ओतून उरलेलेही मारायचेत का तुला?"

आयुष्यात पहिल्यांदाच ती बाबांसमोरून पाठ वळवून निघाली आणि बोअरच्या नळाखाली बादली लावली. पहिली टाकी, दुसरी, तिसरी. निम्मं पाणी काढायचं, निम्मं भरायचं. कपडे चिंब झाले, गुडघा फुटला. भाऊ दुसरी बादली घेऊन मागे लागला. चौथ्या टाकीपासून पुढे बाबांनी यंत्राच्याच पाण्याचा पाइप लावला होता.

मग वाट बघणं. दहा मिनिटं. वीस. धाकटीने दोन नखं कुरतडून संपवली.

पहिल्या तीन टाक्यांतले मासे हळूहळू खाली उतरले. एकाने शेपटी उलगडली, मग दुसऱ्याने. चौथ्या टाकीत पाच मासे पोट वर करून तरंगत होते.

बाबा तिसऱ्या आणि चौथ्या टाकीच्या मध्ये बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच यंत्राचा नळ बंद केला आणि बादली उचलली. चौघांनी मिळून दुपारपर्यंत पाणी वाहिलं. बरेचसे मासे वाचले.

आता बाबा म्हणतील, माप बरोबर होतं तुझं. धाकटी ओल्या कपड्यांनी तशीच समोर उभी राहिली. बाबांनी हात पुसले आणि फोन काढला. यंत्रवाल्याची आता काही धडगत नाही, असं तिला वाटलं. पण नंबर बघून आईने हातातली बादली खाली ठेवली. तो मोठ्या काकांचा नंबर होता. बारा वर्षांपूर्वी काकांनीही स्वतःच्या टाक्या मांडल्या होत्या. मासे बाबांनीच दिलेले, मापही बाबांचंच. औषध घातलं आणि एका दिवसात सगळे मासे गेले. तू निष्काळजी आहेस, जास्त ओतलंस, असं म्हणून बाबांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं, ते आजतागायत.

पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं. बाबांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"दादा, फोन ठेवू नकोस. एवढंच सांग, त्या वेळी तुझ्या टाक्यांत पाणी कुठलं होतं?"