दहापैकी आठ

पडद्यावर बाराव्या रस्त्याचं चित्र आलं, तेव्हा श्यामराव डोळे बारीक करून पुढे झुकले. हिरवट धूर आणि मधोमध पांढुरका पट्टा. बस, एवढंच.

"काका, जंगलातला हा रस्ता किती सुंदर वाटतो? दहापैकी किती?" मंजिरीनं विचारलं. नव्यानं झालेल्या या हिंदी राज्यातले कुठले वनरस्ते लोकांच्या डोळ्यांत भरतात, याचा ती अभ्यास करत होती. त्यासाठीच तिनं शहरातल्या मराठी मंडळींना चौबे कॉलनीतल्या हॉलमध्ये जमवलं होतं. श्यामरावांना तर मानाची पहिली खुर्ची. बांधकाम खात्यात तीस वर्षं त्यांनी असेच रस्ते आखले होते.

"सात," ते म्हणाले. पहिल्या चित्रापासून ते सहा, सात, आठ असेच गुण वाटत होते. कुणाला शंका आली नव्हती.

खट् आवाज झाला. पडदा उजळला.

"वा! काय मोकळा रस्ता आहे! दोन्हीकडं सालवृक्ष. आठ!"

मंजिरी जवळ आली. हळूच म्हणाली, "काका, स्लाइड संपल्या. पडदा कोरा आहे."

श्यामरावांचे कान तापले. उठून जावं असं वाटलं. पण पायरी कुठं आहे तेही दिसणार नव्हतं.

"मले दिसूनच नाही राहिलं," ते म्हणाले. "दिवाळीपासून."

ऑफिसातून परस्पर आलेला त्यांचा मुलगा अभिनव ताडकन उभा राहिला. "पापा, और आप रोज़ मेरी राधिका को स्कूटर पे स्कूल छोड़ते हो!"

"हव. तेलीबांध्याच्या चौकात जीव मुठीत धरतो. पोट्टी समोर उभी राहून सांगते, आबा, सिग्नल लाल आहे."

"बताया क्यों नहीं?"

"सांगितलं असतं तर तिले नेऊ दिलं असतं?"

अभिनवनं हात पुढे केला. श्यामरावांनी खिसा चाचपला, स्कूटरची किल्ली काढली आणि त्याच्या तळव्यावर ठेवली. चार महिन्यांनी त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला.

"मोतियाबिंद होगा," अभिनव म्हणाला. आवाज उतरला होता. "सोमवार को डॉक्टर को दिखाते हैं."

बाहेर आल्यावर सवयीनं ते हँडलकडे वळले. मग थांबले आणि मागच्या सीटवर बसले.

स्कूटर सुरू झाली. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून श्यामरावांनी डोळे मिटून घेतले. घर येईस्तोवर उघडले नाहीत.